शवासनाला भजनी मंडळ

माझी बायको योग शिकवते आणि माझे वडील मृदंग वाजवतात. या दोन गोष्टी एकमेकींपासून लांब ठेवण्यातच आमच्या घराचं सुख होतं. एका रविवारी सकाळी मी त्या एकत्र आणल्या.

आधी बायकोचं सांगतो. वैशालीचं माहेर खामगावचं. लग्नाआधी ती तिथल्या एका शाळेत मुलांची कवायत घ्यायची. लग्न होऊन अमडापूरला आली आणि कवायत बंद झाली. (तिच्या मते खरी कवायत तेव्हा सुरू झाली.) मुलगी जरा मोठी झाल्यावर तिनं एसटीनं खामगावला ये-जा करून योगशिक्षिकेचा कोर्स केला. जाताना उभ्यानं, येताना उभ्यानं, आणि तिथं पोचल्यावर शीर्षासन. कोर्स संपल्यावर तिनं गावातल्या महादेवाच्या देवळात सकाळचा वर्ग सुरू केला. बाया आल्या. बाया एवढ्या सकाळी जातात कुठं ते बघायला मागून त्यांचे नवरे आले, आणि तेही राहिले.

वर्ग चालू असताना वैशाली स्पीकरवर नामजप लावायची. कोणी एक बाई खोल आवाजात ‘ॐ नमः शिवाय’ म्हणते आणि मागं तंबोऱ्यासारखं काहीतरी वाजत राहतं. जप इतका संथ, की ‘ॐ’ झाल्यावर ‘नमः’ येईपर्यंत माणसानं घरी जाऊन दूध तापवून यावं.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हा जप अजिबात पटायचा नाही. आप्पा आमच्या गावच्या भजनी मंडळाचे मृदंगवाले. देवळाच्या पायरीवर बसून ते तो स्पीकर ऐकायचे आणि तोंड वाकडं करायचे.

“सुधा,” एकदा त्यांनी मला विचारलं, “हे बाई आजारी हाय का बे?”

“नाई आप्पा. काऊन?”

“एवढा टाइम लावून राह्यली नाव घ्याले. देव वाट पाहू पाहू निंघून जाईन.”

तर असं चाललं होतं. तेवढ्यात चिखलीच्या एका शाळेत योगशिक्षिकेची जागा निघाली. वैशाली भेटून आली. तिथल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, “मुलाखतीत सगळ्याच छान बोलतात हो. मला तुमचा वर्ग बघायचाय. रविवारी सकाळी मी अमडापूरला येते.”

त्या आठवड्यात वैशालीला धड झोप नव्हती. पांढरा ड्रेस तिनं इस्त्री केला, घडी घातली, घडी पडली म्हणून परत इस्त्री केला. शनिवारी स्वयंपाक करता करता म्हणाली, “अहो, एवढ्या वर्षांनी पुन्हा शाळेत पाय ठेवायची वेळ आली आहे. हे गेलं तर मी आयुष्यभर या ओट्यापाशीच ताडासन करणार.” हसून म्हणाली, पण मला तिचा आवाज कळतो. मला फार वाटत होतं की हिचं काम व्हावं. माझं बियाण्याचं दुकान आहे, आमचं भागतं. प्रश्न भागण्याचा नव्हता. शाळेच्या आवारात शिट्टी गळ्यात घालून उभी असलेली वैशाली मी लग्नाआधी पाहिली होती, आणि ती मला पुन्हा बघायची होती.

“तुमच्याकडं तीन कामं,” ती म्हणाली. “स्पीकर चार्ज करून ठेवा. जानेफळहून गोदाआत्या येणार आहेत, त्यांना सकाळी स्टँडवरून घरी आणून सोडा. आणि वर्गात शवासनाला पहिल्या रांगेत, मधोमध झोपा.”

तिसऱ्या कामाचं कारण सांगितलं पाहिजे. वर्गात मी बऱ्याच दिवसांपासून जातो, पण मला निर्दोष जमतं असं ते एकच आसन आहे. त्यातलं माझं कौशल्य बघून वैशाली इतरांना म्हणायची, “असं सैल सोडा अंग, यांच्यासारखं.” बायकोनं चारचौघांत माझं कौतुक केलं ते तेवढंच.

या तीन कामांपैकी मी एकच पार पाडलं.

शनिवारी संध्याकाळी दुकानात क्रिकेटची मॅच रंगात आली होती. मोबाईलचा आवाज पुरेना म्हणून मी तो स्पीकर लावला. गिऱ्हाईकं जमली, मॅच लांबली, आपण हरलो, आणि त्या दुःखात चार्जिंग राहून गेलं. सकाळी उठून वायर लावली तर लाइट गेलेली. वैशाली अंधारातच सतरंज्या घेऊन देवळात गेली होती. मी तो मेलेला स्पीकर हातात घेऊन अंगणात उभा राहिलो.

आप्पा ओट्यावर चहा पीत होते. “काय झालं बे?”

“स्पीकर बंद पडला. लाइट नाई. आता वैशाली मले जित्ता ठेवत नाई.”

आप्पांनी कपबशी खाली ठेवली. इतक्या हळुवारपणे मी त्यांना कधी काही ठेवताना पाहिलं नव्हतं. “मंग आमचं मंडळ काय वावरात गेलं का?”

“आप्पा, तिले हळू लागते. एकदम हळू.”

“हळूच म्हणू ना बाप्पा. आमाले कुठं गाडी पकडाची हाय?”

मला ते पटलं. (दुसरं काही सुचत नसलं की माणसाला काहीही पटतं.) आणि आमचं मंडळ तसं बोलावण्याचीच वाट बघत असतं. मी अंघोळ करून येईतो पेटीवाले, टाळकरी आणि मृदंग खांद्याला लावलेले आप्पा दारात तयार होते. एकानं तर फेटाही बांधला होता. या सगळ्या घाईत आप्पांची बहीण, गोदाआत्या, माझ्या डोक्यातून साफ गेली.

देवळाच्या सभामंडपात वर्ग मांडी घालून बसला होता. मुख्याध्यापिका बाई समोर खुर्चीवर, मांडीवर पर्स. आम्ही टाळांचा आवाज करत आत शिरलो आणि वैशालीनं माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं मी इथं लिहीत नाही, घरात हे वाचलं जातं.

“अरे वा,” मुख्याध्यापिका म्हणाल्या, “तुम्ही प्रत्यक्ष गायनावर योग घेता? हे मी कुठं पाहिलं नाही.”

“हो,” वैशाली म्हणाली. “कधी कधी.”

आता भजनी मंडळाची रीत सांगतो. नामाचा गजर सुरू होतो तो भरल्या बैलगाडीच्या चालीनं. मग टाळ तापतात, मृदंगाचा हात सुटतो आणि लय चढत जाते. ती चढायलाच पाहिजे, नाहीतर गजर झाला असं कोणी मानत नाही. मधे थांबवणं तर नाहीच. आणि आप्पा वाजवताना डोळे मिटतात. एकदा मिटले की समोर बैल सुटले तरी त्यांना पत्ता नसतो.

पहिले दोन सूर्यनमस्कार फार देखणे झाले. ‘ॐ नमः शिवाय’ म्हणत मंडळ संथ चाललं होतं, वर्ग एका हालचालीत वाकत होता, उठत होता. मुख्याध्यापिका मान डोलवत होत्या. वैशालीचा चेहरा जरा निवळला. मला वाटलं, सुधाकर, तू उगीच स्वतःला कमी समजतोस.

तिसऱ्या नमस्काराला टाळकरी तापले.

गावातल्या माणसाचं अंग भजनाच्या लयीवर चालतं, त्याला शिकवावं लागत नाही. मंडळानं वेग घेतला तसा वर्गानंही घेतला. “श्वास घ्या... सावकाश सोडा,” हे वैशालीचं वाक्य “घ्या, सोडा, घ्या, सोडा” इतकंच उरलं आणि बाजार समितीतल्या लिलावासारखं ऐकू यायला लागलं. पुढची रांग वाकली की मागची उठायची. देवकाकाकू, वय झालेल्या, गुडघ्याला पट्टा, त्या तर नमस्कार सोडून सरळ टाळ्याच वाजवायला लागल्या. मी भुजंगासनात असताना बाकी सगळे पुढच्या फेरीला पोचले होते आणि कोणाचा तरी पाय माझ्या पाठीवरून गेला.

“आप्पा, हळू,” मी ओरडलो.

आप्पांनी ‘जोरात’ ऐकलं असं नाही, त्यांनी काहीच ऐकलं नाही. लय भिडली, पेटीवाले गुडघ्यावर उठले, आणि वर्गातल्या दोन बायकांनी एकमेकींचे हात धरून फुगडी घातली. गजर टिपेला जाऊन थांबला तेव्हा योगाचा वर्ग हात वर करून उभा होता. सगळे घामानं निथळत होते आणि फार खूश होते. मुख्याध्यापिका खुर्ची घेऊन भिंतीपर्यंत मागं सरकल्या होत्या.

वैशालीचे कान लाल झाले होते. ती शांतपणे म्हणाली, “आता शवासन. सगळ्यांनी पाठीवर झोपा. ऊन डोळ्यांवर येतंय, रुमाल टाका.” मग माझ्याजवळ येऊन दात न उघडता म्हणाली, “त्यांना सांगा, हळू म्हणजे हळू. याच्यापुढं लय वाढली तर मी माहेरी जाईन.”

मी आप्पांच्या कानाशी गेलो. “आप्पा, दुसरं काही म्हणा. ज्याची लय वाढतच नाई असं.”

आप्पा विचारात पडले. टाळकऱ्यांकडं पाहिलं. टाळकऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

“तसं एकच हाय आमच्यापाशी,” आप्पा म्हणाले. “पन ते...”

“तेच म्हणा.”

“पाह्य बरं सुधा.”

“म्हणा आप्पा, लवकर म्हणा.” एवढं बोलून मी पहिल्या रांगेत मधोमध जाऊन पडलो, अंग सैल सोडलं आणि तोंडावर पांढरा रुमाल टाकला. पहाटेपासूनची धावपळ, पाठीवरून गेलेला तो पाय, आणि गारेगार फरशी. मला लगेच झोप लागली.

इथून पुढचं मला नंतर लोकांनी सांगितलं. प्रत्येकानं थोडं वेगळं सांगितलं, पण हसले सगळे सारखेच.

आमच्या गावात माणूस गेला की मंडळ त्याच्या दारी येतं आणि त्याला उचलेपर्यंत एक संथ भजन म्हणतं. मंडळाचं लय न वाढणारं भजन ते एकच. एरवी ते कोणी तोंडात घेत नाही. ते कानावर पडलं की माणूस असेल तिथं हात जोडून बसतो, आणि एकदा उचललं की ते मधे तोडायचं नसतं, तोडलं तर आणखी कोणाच्या तरी घरी तीच वेळ येते असं मानतात. मला हे सगळं माहीत होतं. पण योगाच्या गडबडीत ते डोक्यात आलं नाही, त्याला कोण काय करणार?

पहिली ओळ झाली आणि देवकाकाकू उठून बसल्या. पदर डोक्यावर घेतला. मग शेजारची उठली, मग तिचा नवरा. दुसऱ्या ओळीला सगळा वर्ग माझ्याभोवती मांडी घालून, माना खाली घालून, हात जोडून बसला होता. मधोमध झोपलेला मी एकटा. डोक्याशी कोणीतरी उदबत्ती लावली होती. कोणी लावली हे आजपर्यंत एकानंही कबूल केलेलं नाही.

वैशाली धावत आप्पांकडं गेली. आप्पांचे डोळे मिटलेले. तिनं टाळकऱ्यांना खूण केली, तर त्यांनी मान हलवून सांगितलं, आता नाई थांबत पोरी, पुरं करा लागते. आणि देवळातून निघालेले ते सूर आणि मृदंगाचे ते थांबून थांबून पडणारे ठोके सकाळच्या शांततेत पार स्टँडपर्यंत गेले. किराणावाल्यानं शटर अर्धं खाली ओढलं. हॉटेलवाल्यानं भज्यांची कढई उतरवली. “कोन गेलं वो?” “कोन्त्या घरचं?” असं विचारत माणसं देवळाकडं निघाली.

आणि नेमकी तेव्हाच जानेफळची बस आली. गोदाआत्या उतरली, मला शोधलं, मी नाही. घरी गेली, तर कुलूप. शेजारच्यानं सांगितलं, “तुमच्या घरचे सारे देवळात हायेत आत्या, भजन चालू हाय.” कोणतं भजन ते आत्याला ऐकू येतच होतं. दारातच पिशवी टाकून ती धावत सुटली.

मला जाग आली ती आत्या माझ्या छातीवर पडली तेव्हा.

“सुधा रेऽऽ! माह्या लेकरा, मले न भेटता कसा गेला रेऽऽ!”

मी रुमालाखाली डोळे उघडले. आधी वाटलं स्वप्न आहे. मग सगळं ध्यानात आलं. आता लगेच उठायला हवं होतं. पण आत्यानं गुणगान सुरू केलं होतं, आणि आपल्यामागं लोक आपल्याबद्दल काय बोलतात ते ऐकायची संधी वारंवार येत नाही. मी श्वास रोखून पडून राहिलो.

“लय गुणाचा होता वो लेकरू,” आत्या म्हणाली आणि थांबली. थांबणं जरा लांबलं. “जेवाले कधी नाई म्हणला नाई. ताटात टाकाल ते खाये.” पुन्हा थांबली. “मले एकदा स्टँडवर घ्याले आला होता वो. तासभर उशिरा आला, पन आला होता. दिवाळीले लुगडं आनलं होतं. रंग काई चांगला नोहता, पन मनानं आनलं होतं.”

“होता तसा बरा,” गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

“आता ते माह्यावालं तुरीचं बियानं कोन बदलून देईन?” दुसरा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात मला त्या सगळ्या गर्दीतलं सर्वात खरं दुःख ऐकू आलं.

मग मला राहवेना. मी रुमाल काढला आणि उठून बसलो. “मी देतो ना भाऊ बदलून.”

पुढचा गोंधळ सांगत नाही. देवळाला दोन दारं आहेत आणि ती दोन्ही अपुरी पडली. एका टाळकऱ्याच्या हातातून टाळ निसटून घंटेसारखे वाजत गेले. आप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. ते डोळे मिटून वाजवतच होते.

पण आत्या. आत्या ओरडली नाही, पळाली नाही. ती माझ्याकडं बघत राहिली आणि तिचा श्वास चढला. तोंड उघडं, हात गार, छाती नुसती वरखाली. मी भ्यालो. माझी खरी भीती त्या सकाळी पहिल्यांदा तेव्हा सुरू झाली. पलीकडं मुख्याध्यापिका पर्स खांद्याला लावून उभ्या राहिलेल्या दिसल्या, दाराकडं बघत होत्या. मनात म्हटलं, गेलं. बायकोचं काम गेलं आणि आत्याही जाते की काय.

वैशालीनं मुख्याध्यापिकांकडं पाहिलंसुद्धा नाही. ती येऊन आत्यासमोर बसली, तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. “आत्या, माझ्याकडं बघा. यांच्याकडं नका बघू.” (हे बरोबरच होतं.) मग मान न वळवता म्हणाली, “आप्पा.”

कसं काय कोण जाणे, आप्पांनी डोळे उघडले.

“आप्पा, नुसता एक ठोका. मी मान हलवीन तेव्हाच दुसरा. मधे काही नाही.”

आमच्या आप्पांना लय सांगणारं माणूस गावात जन्माला आलेलं नव्हतं. त्यांनी सुनेकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं, आणि म्हणाले, “हाव बेटा.”

धुम्म. वैशाली ‘ॐ’ म्हणाली, लांब, सावकाश, आणि आत्याच्या हातावर हातानं दाखवत राहिली, सोडा, सगळा श्वास सोडा. धुम्म. आता घ्या. मग देवकाकाकूनं तो ‘ॐ’ उचलला, मग पेटीवाल्यांनी. दारातून परत फिरलेली माणसं उभ्या उभ्या म्हणायला लागली. अर्धं गाव त्या देवळात एका श्वासावर आलं. लय तसूभर वाढली नाही. आप्पांच्या कपाळावर घाम आला होता, बैलाला उतारावर आवरून धरल्यासारखे ते तो मृदंग आवरत होते. हळूहळू आत्याचा श्वास संथ झाला, हातांत ऊब आली. तिनं एक मोठा उसासा सोडला आणि तिचे पहिले शब्द आले, “सुधा, मेल्या, स्टँडवर काऊन नाई आला बे?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत्या वाचली म्हणून आलं, आणि वैशालीकडं बघूनही आलं. गळ्यात शिट्टी नव्हती, एवढाच फरक होता.

मुख्याध्यापिका बाई गेल्या नव्हत्या. त्या पर्स बाजूला ठेवून खाली सतरंजीवर, बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या. डोळे पुसून उठल्या आणि वैशालीला म्हणाल्या, “शांत बसलेला वर्ग कोणीही शांत ठेवील. आमच्याकडं मुलं रडतात, पळतात, एकमेकांच्या अंगावर पडतात. मला असं सांभाळणारी बाई पाहिजे होती. उद्यापासून या.”

“मंडळाले आनाचं का मंग?” आप्पांनी मागून विचारलं. त्यांना बाईंनी नम्रपणे नमस्कार केला.

आता वैशाली रोज चिखलीला जाते. शाळेत ती अधूनमधून शवासनही घेते, आणि झोप लागू देऊ नका हे मुलांच्या मनावर ठसावं म्हणून आमच्या घरातलं एक उदाहरण सांगते. ते मुलांना फार आवडतं म्हणे. परवा शाळा सुटायच्या वेळी मी मोटरसायकल घेऊन तिला आणायला गेलो. अर्धा तास उशीरच झाला होता. फाटकाशी उभी असलेली सहावीतली एक मुलगी माझ्याकडं निरखून बघत राहिली, मग आत पळत गेली आणि साऱ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मॅडम, तुमचे वारलेले मिस्टर घ्यायला आले.”

मी हॉर्न वाजवला. जिवंत असल्याचा दुसरा काही पुरावा त्या क्षणी माझ्याजवळ नव्हता.